काटा श्वासाबरोबर हलत होता : विमानातल्या आणि पाण्याखालच्या चुका

बायणेकर | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे एक गोष्ट मनात घोळते आहे, ती इथे लिहून काढतो. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वास्कोचा, बायण्याला राहतो. अठरा वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं आणि आता सहा हंगाम झाले, स्कूबाच्या बोटीवर असतो. पावसाळा सरला की ऑक्टोबरात आमचं काम सुरू होतं ते मेपर्यंत. सकाळी पर्यटकांना घेऊन ग्रँड आयलंड गाठायचं, पाण्याखाली दोन फेऱ्या करायच्या, दुपारी परत.

त्या दिवशी बोटीवर आठ जण होते. त्यात एक गृहस्थ सर्टिफिकेट असलेले, आधी पाच-सहा डाइव्ह केलेले. त्यांचा सेट बांधून तयार होता. पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाच्या सिलिंडरचा नॉब मी स्वतः हात लावून बघतो, ही विमानांच्या दिवसांपासूनची सवय. त्यांचा नॉब धरला, फिरवला, शेवटपर्यंत गेला, मग पाव आटा मागे घेतला. पूर्ण उघडून पाव आटा मागे घ्यायचा, म्हणजे व्हॉल्व्ह अडकत नाही, असं आम्हाला शिकवलेलं. गेजवर (सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारी तबकडी) २०० बार, म्हणजे सिलिंडर भरलेला. त्यांनी रेग्युलेटरमधून, म्हणजे श्वासासाठी तोंडात धरायच्या तोटीतून, दोन श्वास घेतले, ठीक आहे म्हणाले, आणि आम्ही उतरलो.

अकरा मीटरवर त्यांनी माझा दंड घट्ट पकडला. मास्कमागचे डोळे विस्फारलेले. मी आधी त्यांचं गेज बघितलं. ते श्वास आत ओढत तसा काटा १८० वरून सरळ शून्याकडे कोसळायचा, आणि श्वास सोडला की परत वर चढायचा. सिलिंडर भरलेला होता, पण दार जेमतेम किलकिलं होतं. माझा पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जादा रेग्युलेटर, त्यांच्या तोंडात दिला, मागे हात घालून नॉब उघडला, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून चार-पाच श्वास मोजले आणि दोघं सावकाश वर आलो.

झालं होतं असं, की तो नॉब आधीच पूर्ण उघडलेला होता. मी तो उलट्या बाजूला फिरवून बंद केला आणि वर पाव आटा उघडला. हाताला दोन्ही अगदी सारखं लागतं. होडीवर तेवढ्या फटीतून श्वासापुरती हवा येते. खाली पाण्याचा दाब दुपटीच्या वर जातो, प्रत्येक श्वासाला तितकीच जास्त हवा लागते, आणि ती त्या फटीतून पुरत नाही. म्हणूनच आता बऱ्याच ठिकाणी नवं शिकवतात: नॉब एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नको. शिवाय श्वास घेताना नजर गेजच्या काट्यावर हवी. काटा जरा जरी थरथरला तर उतरायचं नाही. मी त्यांना दोन श्वास घ्यायला लावले, पण काट्याकडे बघितलं नाही.

चूक माझी, आणि ती मी त्या गृहस्थांना स्पष्ट सांगितली. पण मला झोप लागत नाही ती त्यानंतरच्या गोष्टीमुळे. संध्याकाळी जेटीवर सिलिंडर उतरवताना आमच्या बोटीवरचा मालवणचा पोरगा, वय एकोणीस, हळूच म्हणाला, "काका, तो नॉब मी सकाळीच उघडला होता. तुम्ही फिरवलात तेव्हा मला वाटलं कायतरी उलटं होतंय. पण तुम्हीच फिरवताय म्हटल्यावर मी काय बोलणार?"

म्हणजे चूक होताना बघणारा माणूस माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

विमानांच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा दिसतं. २७ मार्च १९७७, टेनेरिफ बेट. धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन बोइंग ७४७ एकाच धावपट्टीवर. केएलएमच्या कॅप्टननी परवानगी नसताना उड्डाणासाठी धाव सुरू केली. हे कॅप्टन नवखे नव्हते, कंपनीत इतरांना ७४७ शिकवणारे ज्येष्ठ वैमानिक होते. धाव सुरू झाल्यावर मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं, ते पॅन अ‍ॅमचं विमान बाजूला झालेलं नाही का? कॅप्टननी ठामपणे सांगितलं, झालंय. तो पुढे काही बोलला नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतर 'टेकऑफ' हा शब्द रेडिओवर फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा असं ठरलं, आणि कॉकपिटमध्ये धाकट्यानं बोलावं, थोरल्यानं ऐकावं याचं रीतसर प्रशिक्षण पुढच्या काही वर्षांत सुरू झालं.

आमच्या बोटींवर असं प्रशिक्षण कुणी घेतं का? पायलट, डायव्हर, डॉक्टर, कुणीही असा, तुमचे अनुभव लिहा.

सिंहगडरोड | शनिवार, रात्री ११:३५

बायणेकर, स्वतःची चूक उघडपणे लिहिलीत याबद्दल आदर वाटतो. पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी कुटुंबासह गोव्यात स्कूबा केलं. कुणाबरोबर ते लिहीत नाही. बोटीवर तीसेक माणसं कोंबलेली. सूचना म्हणाल तर इंजिनाच्या आवाजात सहा-सात मिनिटं, त्याही हिंदीत, आणि माझ्या आईसारख्या मागे बसलेल्यांना एक शब्द ऐकू गेला नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला पाण्याखाली मास्कमध्ये पाणी गेलं आणि त्यानं "मस्त चाललंय" असं दाखवायला की घाबरून, ते आजही त्याला नीट सांगता येत नाही, अंगठा वर केला. स्कूबात अंगठा वर म्हणजे "मला वर न्या". इन्स्ट्रक्टरनं त्याच्याकडे बघून मान डोलावली आणि त्याला तसाच पुढे नेला. नशिबानं काही झालं नाही.

याला मानवी चूक म्हणायचं का? ज्या बोटीवर दहा माणसं न्यावीत तिच्यावर तीस नेली, तर ती चूक नसून हिशेब आहे. "माणूस आहे, चुकतो" असं म्हणत आपण हिशेब करणाऱ्यांना मोकळं सोडतो असं मला वाटतं. माझा राग अजून गेलेला नाही.

उजवी_सीट | रविवार, सकाळी ७:०५

रात्रीच वाचलं होतं, पण ड्यूटीवर होतो. मी एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे, मूळचा डिचोलीचा. दाबोळी आणि मोपा, दोन्हीकडे उतरणं नेहमीचं.

बायणेकरकाका, तुमच्या मालवणच्या पोराच्या जागी मी रोज बसतो, म्हणून लिहितो.

मंगळूरचा अपघात आमच्या प्रत्येक वर्गात शिकवतात. २२ मे २०१०, एअर इंडिया एक्सप्रेसचं ८१२, दुबईहून येणारं. कॅप्टन प्रवासात दीड तासाहून जास्त वेळ झोपलेले. जागे झाले तरी गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू काही वेळ सुस्त असतो, तसल्या अवस्थेत त्यांनी उतरायला घेतलं. विमान फार उंच, वेग जास्त. फर्स्ट ऑफिसरनं तीन वेळा सांगितलं, गो अराउंड करा, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. जमिनीचा इशारा देणारं यंत्रही ओरडत होतं. कॅप्टन उतरत राहिले. टेबलटॉप, म्हणजे डोंगरमाथ्यावरची, धावपट्टी संपली आणि विमान दरीत गेलं. १६६ पैकी ८ वाचले.

चौकशी अहवालातली एक गोष्ट मला कायम टोचते. फर्स्ट ऑफिसर बोलला, पण त्यानं कंट्रोल हातात घेतला नाही, कारण को-पायलटनं स्वतः गो अराउंड करावा की नाही याबद्दलच्या सूचनांमध्येच बहुधा संदिग्धता होती. म्हणजे बोलण्याची हिंमत होती, पण बोलून उपयोग झाला नाही तर पुढे काय करायचं, ते कुणी पक्कं सांगितलेलं नव्हतं.

आणि कधीकधी बोलणं इतकं मऊ असतं की ते बोलणं राहतच नाही. २९ डिसेंबर १९७२, मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान ४०१. पुढचं चाक खाली आल्याचा दिवा लागेना. सगळे त्या दिव्याच्या बल्बमागे लागले. त्या गडबडीत ऑटोपायलटचं उंची धरून ठेवणं सुटलं आणि विमान रात्रीच्या अंधारात दलदलीकडे उतरू लागलं. रडारवरच्या कंट्रोलरला उंची २००० ऐवजी ९०० फूट दिसली. त्यानं विचारलं काय, तर "कसं काय चाललंय तिकडे?" उत्तर आलं, ठीक आहे, आम्ही वळून परत येतोय. १०१ माणसं गेली. बल्ब जळला होता, चाक खालीच होतं. त्या कंट्रोलरनं नुसतं "तुमची उंची ९००" एवढे शब्द उच्चारले असते तर? मी दर वेळी हाच विचार करतो.

सिंहगडरोड, तुमचं म्हणणं मला पटतं. मंगळूरला त्या दिवशी लांबवरचं रडारही बंद होतं, त्यामुळे विमानाला उशिरा खाली उतरवलं गेलं. कॅप्टनवर बोट ठेवून फाइल मिटवली असती तर रडारचा विषय कधी निघालाच नसता.

बायणेकर | रविवार, दुपारी १:४०

सिंहगडरोड, तुमचा राग योग्य आहे, मी त्याच्याशी वाद घालणार नाही. तुमच्या मुलाच्या खुणेचं वाचून अंगावर काटा आला. आम्ही बोटीवर सगळ्यांकडून खुणा करून घेतो, त्यात अंगठा तीन-तीनदा, कारण फोटोत अंगठा दाखवायची सवय हाडात मुरलेली असते.

जेम्स रीझन नावाचे इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी चीजच्या भोकं पडलेल्या चकत्यांची उपमा दिली. प्रत्येक चकती म्हणजे एक बचाव: नियम, प्रशिक्षण, यंत्र, सोबती. प्रत्येकीत भोकं आहेतच. सगळी भोकं एका रेषेत आली की अपघात आरपार जातो. मी आमच्या पोरांना चीज सांगत नाही, जाळीदार घावण्यांची चळत सांगतो, लगेच कळतं. बोटीवर कोंबलेली तीस माणसं हे मालकानं पाडलेलं भोक. मी काट्याकडे न बघणं हे माझं. पोरगा गप्प राहणं हे त्याच्या घावण्यातलं असेल, पण ते मीच पाडलेलं आहे. सहा हंगामांत मी त्याला कधी विचारलंच नव्हतं, "बघ रे, माझं काही चुकतंय का?"

विमानांच्या कामात हत्यारांची पाटी असायची. प्रत्येक पान्याची बाह्याकृती रंगवलेली. काम संपल्यावर एक जागा जरी मोकळी दिसली तरी विमान सोडायचं नाही. नवा पोरगासुद्धा ती मोकळी जागा दाखवून काम थांबवू शकायचा आणि त्याला कुणी रागवत नसे. तसं काहीतरी बोटीवर आणायचं आहे.

डॉ_कुडाळकर | रविवार, रात्री ९:२०

उत्तम धागा. विमान आणि स्कूबा हे दोन्ही विषय आमच्या कोकण-गोव्यात एका ठिकाणी खरोखरच भेटतात, त्याबद्दल लिहितो, कारण तिथे होणारी चूक पर्यटक स्वतः करतो आणि ती चूक आहे हे त्याला माहीतच नसतं.

पाण्याखाली दाबाची हवा घेतल्यावर नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला तास लागतात. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब ६००० ते ८००० फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. सकाळी ग्रँड आयलंड आणि संध्याकाळी मोपाहून मुंबई असा बेत केला, तर उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी: एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, दिवसात एकापेक्षा जास्त किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील तर किमान १८ तास विमान टाळा. बरेच जण सरळ २४ तास धरतात, मीही तेच सांगतो. बारा मीटरच्या आतल्या छोट्या डाइव्हमध्ये नायट्रोजन कमी असतो हे खरं, पण नियम त्यांनाही लागू आहे.

ही शिफारस २००० फुटांवरच्या उंचीसाठी आहे. डाइव्ह करून त्याच दुपारी चोर्ला घाटानं बेळगाव किंवा आंबोलीनं कोल्हापूर गाठणारे पुष्कळ असतात, आणि दोन्ही घाट ती रेषा ओलांडतात. गाडी आहे, विमान नाही, म्हणून हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता या बुडबुड्यांची लक्षणं. खांदा किंवा कोपर दुखणं, मुंग्या, अंगावर चट्टे, न समजणारा थकवा. गोव्यात याचं खापर उन्हावर, बिअरवर किंवा जड बॅगेवर फुटतं. माझ्याकडे आलेल्या एका तरुणानं डाव्या हाताच्या मुंग्या दीड दिवस अंगावर काढल्या, कारण मित्र हसतील असं त्याला वाटलं. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे शंभर टक्के ऑक्सिजन, आणि पुढे दाबाची चेंबर. वेळ घालवण्यात खरा धोका आहे.

दुसरं, श्वास रोखणं. दहा मीटरवर फुफ्फुसात चार लिटर हवा असेल तर ती पृष्ठभागावर आठ लिटर होते. मास्कमध्ये पाणी गेलं की माणूस घाबरतो, श्वास धरतो आणि सरळ वर धावतो. फुफ्फुस फाटायला दीड-दोन मीटरही पुरतात. म्हणजे स्विमिंग पूलसुद्धा पुरेसा खोल आहे.

आणि सगळ्यात साधं: हवा संपणं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याच नेटवर्कच्या संशोधकांनी ९४७ मृत्यू तपासले होते. जिथे सुरुवात कुठून झाली ते समजलं, त्यांतल्या ४१ टक्के घटनांची सुरुवात हवा कमी पडण्यानं झाली होती. गेज समोर लटकत असतं आणि माणूस माशांचे व्हिडिओ काढत असतो. उजवी_सीट यांनी सांगितलेला तो बल्ब आठवला.

कोथरूडची_अदिती | सोमवार, सकाळी १०:१५

डॉक्टर, बरं झालं लिहिलंत! आमचं पुढच्या महिन्यात शनिवारी सकाळी स्कूबा आणि त्याच रात्री ८ ला मोपाहून पुणे असं बुकिंग आहे. बुक करताना कुणीच विचारलं नाही परतीचं विमान कधी आहे ते. घरी बोलते आज.

म्हापशाची_मासोळी | सोमवार, रात्री ८:५०

मी डाइव्हमास्टरचं शिक्षण घेतेय, चौथा महिना. हा धागा दोनदा वाचला.

आमचे सर खूप चांगले आहेत, हजारो डाइव्ह झालेत त्यांच्या. पण गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःचा सेट न तपासता पाण्यात उडी मारली. बडी चेक, म्हणजे सोबत्याचा सेट तपासणं, मीच करायचा होता, आणि मी पुढे झाले तर ते हसून म्हणाले, "अगो, माझां कितें तपासतलें तूं?" मी मागे सरले. सगळं ठीक होतं. पण तेव्हापासून वाटतंय, उद्या खरंच काही दिसलं तर मी काय शब्द वापरू? पायलटदादा, तुम्ही काय म्हणता कॉकपिटमध्ये? नेमके शब्द सांगाल का?

उजवी_सीट | मंगळवार, सकाळी ६:३०

सांगतो. आम्हाला पायऱ्या शिकवतात, आणि त्यांचा सराव सिम्युलेटरमध्ये करून घेतात, कारण ऐन वेळी शब्द आपोआप सुचत नाहीत.

आधी जे दिसतंय ते आकड्यात सांगायचं. "सर, वेग १६० आहे, १४५ हवा." यात कुणाचा अपमान नाही. फरक पडला नाही तर काळजी उघड करायची: "सर, असंच राहिलं तर आपण धावपट्टीवर लांब उतरू." तरीही नाही, तर काय करायचं ते सांगायचं: "सर, गो अराउंड." आणि शेवटी, उत्तरच येत नसेल तर कंट्रोल घ्यायचा. या शेवटच्या पायरीची मुभा आम्हाला आता लेखी आहे. "बरोबर आहे ना सर?" असं विचारायचं नाही. त्याला उत्तर "हो" असंच येतं, टेनेरिफला आलं तसं.

तुमच्यासाठी: "सर, तुमचं गेज बघायचंय, मला दोन श्वास घेऊन दाखवा." तपासू का, असं विचारू नका. आणि उडी मारायच्या आधी, बोट जेटीला असतानाच, शांतपणे त्यांना सांगून ठेवा की मी रोज हे म्हणणार आहे. माझे एक कॅप्टन कॉकपिटमध्ये बसल्याबसल्या म्हणतात, "आज माझ्या हातून किमान एक चूक होईल, ती पकड." त्यांच्याबरोबर उडताना माझा घसा कधी कोरडा पडत नाही.

बायणेकर | मंगळवार, रात्री ९:००

उजवी_सीट, तुमच्या त्या कॅप्टनांचं वाक्य मी कालपासून... म्हणजे आज सकाळपासून वापरायला लागलो. मालवणचा पोरगा आता शेवटची तपासणी करतो, माझी सुद्धा. पहिल्यांदा माझ्या जॅकेटला हात लावताना त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या फेरीला त्यानं माझा वेट बेल्ट उलटा लावलेला दाखवला, बकल डाव्या हातानं सुटत होतं. मी सगळ्यांसमोर त्याला "शाबास" म्हटलं आणि बेल्ट काढून परत लावला.

मासोळी, पाण्यातली आणखी एक गोष्ट. कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणानं डाइव्ह थांबवू शकतो, आणि कारण विचारायचं नाही, हा आपल्या धंद्यातला जुना आणि फार मोलाचा नियम आहे. तो तुमच्या सरांनाही ठाऊक असणारच.

कोथरूडची_अदिती | बुधवार, दुपारी १२:४०

परतीचं विमान रविवारी संध्याकाळचं केलं. तिकिटाला फरक भरावा लागला. सासऱ्यांना गुडघेदुखी आहे, ते पाण्यात उतरणार नाहीत, बोटीवर बसतील. डॉक्टर, धन्यवाद.

म्हापशाची_मासोळी | रविवार, संध्याकाळी ६:२५

आजचं लिहिते. सकाळी जेटीवरच सरांशी बोलले. दादांनी दिलेले शब्द पाठ करून गेले होते, तरी अर्धे विसरले. सर थोडा वेळ गप्प राहिले, मग गेज माझ्यासमोर धरून दोन मोठे श्वास घेतले. काटा २०० वर स्थिर.

सुझीज रेकवर, म्हणजे एका बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर, उतरलो. आज पाणी गढूळ होतं, तीन मीटरपुढचं दिसत नव्हतं. सहा मीटरवर माझा उजवा कान सुटेना, म्हणजे कानातला दाब मोकळा होईना. दोनदा वर सरकून पाहिलं, जमेना. एरवी मी दुखत असलं तरी दामटून गेले असते, कारण सोबत चार गिऱ्हाईकं आणि दुसरे इन्स्ट्रक्टर होते, आणि आपल्यामुळे खोळंबा नको असं वाटतं. आज सरांकडे बघून अंगठा वर केला. त्यांनी लगेच अंगठा वर केला, बाकीच्यांना दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे सोपवलं आणि माझ्याबरोबर वर आले.

बोटीवर त्यांनी काहीच विचारलं नाही. तांडेलानं थर्मासमधला चहा ओतून दिला. दुसरी फेरी मी केली नाही.